वर्ष मुद्दाम मागे आहे

परवा आमच्या ऑफिसात नव्या डिजिटल कक्षाचं उद्घाटन झालं. फीत कापली, पेढे वाटले, आणि साहेब माईकवर म्हणाले, "पूर्वीच्या कालबाह्य यंत्रणेत काही चुका राहून गेल्या होत्या. त्या आता होणार नाहीत." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. हातात पेढा होता हे निमित्त; हात रिकामे असते तरी वाजवल्या नसत्या. चुका राहून गेल्या म्हणे! कुणी केल्या आणि कुणाच्या नावावर टाकल्या, हे त्या हॉलमध्ये तिघांना ठाऊक होतं, आणि त्यातले एक माईकवर बोलत होते. खैरनार बाईंना समारंभाचं साधं बोलावणंसुद्धा नव्हतं.

मला तेव्हापासून चैन नाही. घरी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "जाऊ दे ना आता." नाही जाऊ देणार. काय म्हणून जाऊ द्यायचं?

आमचं परीक्षा मंडळ लहानसं. त्र्यंबक नाक्याजवळ, दोन मजली. शिवणकाम, वायरमन, फिटर, बालवाडी शिक्षिका असल्या पदविकांच्या परीक्षा आम्ही घेतो. मी पडताळणीच्या खिडकीवर बसते. कुणाला नोकरी लागली की तिकडचं ऑफिस विचारतं, हा माणूस खरोखर पास झाला होता का? मी नाव आत पाठवायचं आणि आतून बाईंनी उत्तर द्यायचं. सुमन खैरनार. सटाण्याच्या बाजूच्या, गणितात एम. एस्सी., आणि मंडळात पहिलं मोठं कॉम्प्युटर आलं तेव्हापासून त्याच्या मालकीण. मालकीण हा शब्द माझा नाही, शिपायांचा आहे, आणि तो अगदी बरोबर होता.

बाई गरीब स्वभावाच्या वगैरे मुळीच नव्हत्या. फटकळ, हट्टी, आणि आपल्याला किती येतं याची पुरेपूर जाणीव असलेल्या. टेबलाला टेकून कुणी बोललं की, "भिंत तिकडे आहे," म्हणायच्या. बाराही महिने अंगात राखाडी स्वेटर. मोठ्या मशीनच्या खोलीत एसी असायचा, तेव्हाची ती सवय; मशीन गेलं, एसी गेला, स्वेटर राहिला. एप्रिलमध्ये आम्ही पदराने वारा घेत असायचो आणि या बटणं लावून बसलेल्या. गावाहून डाळिंबं आली की मधल्या सुट्टीत सोलायच्या आणि मर्जीतल्या माणसाच्या हातावर चमच्याने दाणे घालायच्या. साहेबांना कधी चमचाभर मिळाले नाहीत. एरवी बोलणं शुद्ध, अगदी पुण्याच्या वळणाचं. पण राग आला की थेट अहिराणीत. "हाई काय शे?" असं आतून ऐकू आलं की आम्ही सगळे कामात मान घालायचो.

आता त्या मशीनचं सांगते, कारण सगळं रामायण त्याच्यापायी झालं. पूर्वीचे सगळे निकाल एका मेनफ्रेमवर होते. मेनफ्रेम म्हणजे एक अख्खी खोली भरून उभी असलेली कपाटं. ती एक दिवस भंगारात निघाली. कपाटं कापून जिन्याने खाली नेत होते तेव्हा बाई दारात उभ्या होत्या. मी म्हटलं, "बाई, चला, चहा घेऊ." तर म्हणाल्या, "माणसाला नेताना निदान झाकून नेतात." एवढंच बोलल्या.

पण त्या आधीच शहाणपणाने निकाल साठवलेल्या सगळ्या टेपा, म्हणजे फिती, एका साध्या पीसीवर उतरवून बसल्या होत्या. त्या पीसीत त्यांनी एक प्रोग्राम घातला. एम्युलेटर म्हणतात त्याला. म्हणजे मोठ्या मशीनचं सोंग घेणारा प्रोग्राम. जुन्या सिस्टीमला कळतच नाही की आपण कपाटातून उठून टेबलाखालच्या डब्यात आलोय. पण सोंग नीट वठायला एक सेटिंगची फाईल लागते. मेमरी किती, डिस्क कुठल्या नंबरवर, प्रिंटर कुठल्या नंबरवर, टेपा कुठे, आज साल कोणतं, हे सगळं त्या फाईलमध्ये ओळीने लिहायचं. एक नंबर इकडचा तिकडे झाला की जुनी सिस्टीम हटून बसते, कारण ती प्रिंटर तिथेच शोधणार जिथे तो इतकी वर्षं होता. बाई म्हणायच्या, "ही तिची पत्रिका आहे वंदना. पत्रिकेत घोळ घातला की आयुष्यभर निस्तरत बसा."

महिनाभर त्या फाईलशी त्यांची झटापट चालू होती. ज्या दिवशी पडद्यावर ती जुनी हिरवी अक्षरं आली, त्या दिवशी बाईंनी मला आत बोलावलं, खुर्ची दिली आणि म्हणाल्या, "कुणाचंही नाव सांग." मी माझ्या थोरल्या नणंदेचं सांगितलं; ती आमच्याकडूनच बालवाडीची परीक्षा पास झाली होती. क्षणात गुण आले पडद्यावर. बाई इतक्या मोकळ्या हसल्या की मला ओळखूच येईनात.

त्या फाईलमध्ये साल मात्र अठ्ठावीस वर्षं मागचं होतं. त्या जुन्या सिस्टीमला शतक ओलांडणं ठाऊकच नव्हतं, म्हणून तिला मागेच ठेवायचं. आणि अठ्ठावीसच का, तर तेवढं मागे गेलं की तारीख आणि वार दोन्ही जुळतात. आज मंगळवार तर तिकडेही मंगळवार. ऑफिसात याची भारी चेष्टा चालायची. "बाई, तुमच्याकडे सोनं काय भाव?" असं कुणीतरी रोज विचारायचं. "तुला परवडणार नाही, तेव्हाही आणि आताही," हे उत्तर ठरलेलं.

बाईंची एक रीत होती, आणि माझ्या लेखी ती रीत म्हणजेच बाई. फाईलमधली ओळ बदलायची तर आधी उठायचं, हात धुवायचे, पाणी प्यायचं. मग जुनी ओळ खोडायची नाही. तिच्यापुढे हॅशची खूण करायची. ती खूण असली की मशीन ती ओळ वाचत नाही, ओळ फक्त माणसांसाठी उरते. खाली नवी ओळ लिहायची, आणि त्याखाली, पुन्हा हॅश करून, का बदलली त्याचं कारण आणि आपलं नाव. इंग्रजी अक्षरांत, पण मराठीत. "पुढे येणारा माणूस काय देव आहे का आपल्या मनातलं ओळखायला?" असं त्या म्हणायच्या.

हे खूळ त्यांनी फाईलपुरतं ठेवलं नाही. माझ्या खिडकीची वेळ साहेबांनी एकदा दुपारची केली. नोटीस लागल्या लागल्या बाई खाली आल्या, ती वाचली आणि तडक साहेबांच्या केबिनमध्ये. "वेळ बदलली ते ठीक. का बदलली ते खाली लिहिलेलं नाही." साहेब म्हणाले, "अहो बाई, प्रशासकीय कारण आहे." "तेच लिहा ना मग, काय कारण ते." साहेबांना लिहिता येईना, कारण कारण एवढंच होतं की त्यांना सकाळी फोनवर निवांत बोलायचं असायचं आणि खिडकीवरच्या गर्दीचा आवाज तेव्हा सोसवायचा नाही. तिसऱ्या दिवशी नोटीस निघून गेली. घोटी-वणीहून सकाळच्या एसटीने येणारी माझी माणसं वाचली. साहेबांनी मात्र ते मनात ठेवलं.

आणि दुसरं ते प्रिंटरचं. साहेबांना नव्या प्रिंटरवर जुने निकाल छापून हवे होते. त्यांनी हुकूम सोडला, नंबर बदला. बाईंनी सांगितलं, चालणार नाही. "मी सांगतोय ना?" बदलला. चालला नाही. परत मूळचा केला आणि रीतसर कारण लिहिलं: "साहेबांनी सांगितले म्हणून बदलला. चालला नाही. साहेबांनी सांगितले म्हणून प्रिंटर ऐकत नसतो. सु. खैरनार." मला दाखवलं तेव्हा मी तोंडावर पदर धरून हसले. कुणाला वाटलं होतं ते वाक्य इतकं महागात पडेल!

बाई निवृत्त झाल्या, मग करारावर परत आल्या, कारण दुसऱ्या कुणाला ते चालवताच येत नव्हतं. "एखाद्याला शिकवा की," मी म्हणायचे. "कुणी शिकायला बसलं तर शिकवेन. इथे सगळ्यांना खुर्ची हवी, बैठक नको." हे त्यांचं चुकलंच. माणसं हाताशी धरायला हवी होती. पण ज्यांनी माणूसच दिला नाही, त्यांनी ते बोलू नये.

मग पुण्याहून एजन्सी आली. सगळं 'डिजिटल' करायला. त्यांचा प्रोजेक्ट मॅनेजर अभिषेक, चांगला तिशी उलटलेला, गळ्यात पट्टा, तोंडात "बेसिकली". बाई तेव्हा भाच्याच्या लग्नाला सटाण्याला गेल्या होत्या. अभिषेकने फाईल उघडली, आणि वाचता वाचता प्रिंटरच्या वाक्याशी आला. वाचून दाखवलं साहेबांना. साहेब लालबुंद. "असली अर्वाच्य भाषा सरकारी कामात? ऑडिटवाले बघतील तर काय म्हणतील? सगळं साफ करा!"

आणि यांनी साफ केलं. एका झटक्यात हॅशच्या सगळ्या ओळी उडवल्या. टोमणा उडाला, त्याच्याबरोबर सगळी कारणं उडाली. सालाच्या ओळीखाली बाईंनी लिहिलं होतं, ते मला तोंडपाठ आहे: "वर्ष मुद्दाम मागे आहे. शहाणपणा करू नये. पुढे आणले तर मुदत संपली असे समजून सिस्टीम जुन्या टेपा मोकळ्या धरेल आणि त्यांच्यावर दुसरे लिहील. आधी मला विचारा. मी मेले असेन तर बदलूच नका." यापेक्षा स्पष्ट काय लिहायचं असतं हो? बोर्ड लावायचा होता का चौकात?

कारण उडालं, आणि उरलं नुसतं एक चुकीचं दिसणारं साल. अभिषेकच्या तपासणीत ते आलंच: 'सिस्टीमची तारीख चुकीची.' त्याने ती दुरुस्त केली. दुरुस्त! डोंबलाची दुरुस्ती! एक फोन करायचा होता सटाण्याला. लग्नातून उठून आल्या असत्या बाई, अक्षता हातात घेऊन.

जुनी सिस्टीम दर शनिवारी एक मोकळी टेप शोधून तिच्यावर स्वतःची नोंद उतरवायची. साल पुढे आल्यावर तिच्या हिशेबी सगळ्याच टेपा मोकळ्या झाल्या. तिने हाताला लागली ती घेतली. ती शिवणकामाच्या पदविकेची होती. मूळ फिती कपाटांबरोबरच भंगारात गेलेल्या; बाईंनी तिची जादा प्रत सर्व्हरवर ठेवली होती. ती एजन्सीने आधीच 'डुप्लिकेट' म्हणून काढून टाकली होती. घरी प्रत न्यायची नाही असा नियम, आणि बाई नियम पाळणाऱ्या.

सोमवारी माझ्या खिडकीवर शोभा गांगुर्डे उभी. वणीची. शिवणाचं मशीन चालवून दोन पोरं वाढवलेली, नवरा नाही. आश्रमशाळेत शिवण शिकवायची जागा मिळाली होती. शनिवारच्या आत हजर व्हायचं, आणि त्याआधी आमची पडताळणी हवी; नाहीतर जागा पुढच्या नावाला. "ताई, लवकर बघा बरं का," म्हणाली, "लय वर्षांनी काहीतरी चांगलं झालंय." मी नाव आत पाठवलं. बाई त्याच दिवशी परतल्या होत्या. बराच वेळ काही आलं नाही. मग आतून आवाज आला, "कोनी हात लावा?" कुणी हात लावला, असं.

मी धावत आत गेले. पडद्यावर निकालाच्या जागी भलतंच काही. बाईंनी फाईल उघडली होती. सगळ्या ओळी लख्ख, एकाखाली एक, कुठेही एक शब्द नाही. बाई त्याकडे बघत राहिल्या. "कसाले हात लावा रे?" कशाला हात लावला, हे त्या कुणाला विचारत होत्या कोण जाणे, खोलीत मी एकटीच होते.

साहेबांनी दुसऱ्या दिवशी मीटिंग घेतली. मला खिडकीवरची म्हणून बोलावलं होतं. अभिषेक म्हणाला, "बेसिकली, सिस्टीमच अनरिलायेबल होती." बाईंनी विचारलं, "साल कुणी बदललं?" अभिषेकने साहेबांकडे पाहिलं. साहेब छताकडे. "फाईलमध्ये तर कुणाचं नाव नाही," साहेब म्हणाले. ही हिंमत बघा! ज्या फाईलमधली नावं यांनीच पुसली, तिथे नाव नाही म्हणून साक्ष!

मी तोंड उघडलं. "साहेब, बाई तर गावाला होत्या..." "तुम्हाला विचारलेलं नाही," म्हणून मला गप्प केलं.

मग साहेब अगदी गोड आवाजात बोलले. दोन वाटा आहेत म्हणाले. बाईंना तक्रार करायची असेल तर चौकशी लागेल. चौकशी लागली की पीसीला सील, आणि ती संपेपर्यंत शिवणकामाची एकही पडताळणी बाहेर जाणार नाही. किंवा मग कारण आजच नोंदवून टाकायचं. कारण नोंदलं गेलं की आदेश काढता येतो: निकाल गहाळ झाला आहे, उमेदवाराकडच्या मूळ गुणपत्रिकेवरून पडताळणी द्यावी. "म्हणजे त्या वणीच्या बाईंचं कामही उद्याच होईल." कारण त्यांनी टाईप करूनच आणलं होतं. 'श्रीमती खैरनार यांनी केलेल्या सेटिंगमधील दोषामुळे.' खाली सहीला जागा.

बाईंनी कागद वाचला. मी मनात म्हणत होते, फाडा, फाडा आता, फेका तोंडावर. अख्खी नोकरी ज्या बाईने एका ओळीचं कारण लिहिल्याशिवाय पुढे पाऊल टाकलं नाही, तिच्या नावावर हे असलं धादांत खोटं कारण! बाईंनी विचारलं, "उद्या म्हणजे उद्याच ना? परवा नाही?" साहेब म्हणाले, "उद्या." बाईंनी सही केली. स्वेटरची बाही सारखी केली आणि उठल्या. करार त्याच दिवशी संपला.

जिन्यात मी त्यांना अडवलं. रडू येत होतं मला रागाने. "बाई, हे काय केलंत? मी सांगते सगळ्यांना." बाई म्हणाल्या, "तू सांगितलंस तर चौकशी लागेल. आणि ती शनिवारच्या आत संपेल असं वाटतं तुला?" मी पदराने डोळे पुसले. "मग गप्प बस. निदान ती हजर होईपर्यंत."

दुसऱ्या दिवशी बाई पीसीची किल्ली आणि ओळखपत्र जमा करायला आल्या होत्या. माझ्या खिडकीशी उभं राहून पोचपावतीवर सही करत होत्या, तेवढ्यात शोभा आली. मी पडताळणीचा कागद तिच्या हातात दिला. तिने तो दोनदा वाचला, कपाळाला लावला, आणि मग खालची कारणाची ओळ तिच्या नजरेत आली.

"ही कोण खैरनार हाय?" ती म्हणाली. "हिच्या चुकीपायी माझा जीव तीन दिवस टांगणीला! पोरांना सांगायची बी सोय नाय. माणसाच्या पोटाशी खेळत्यात, आणि पगार कशाचा घेत्यात या बाया? एक काम नीट करता येत नाय?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. मी खुर्चीतून उठले. सांगणारच होते, अगं बये, तुझ्या समोर उभी आहे ती, पाया पड तिच्या. बाईंनी खिडकीच्या फटीतून हात आत घातला आणि माझं मनगट धरलं. घट्ट.

"खरंच हो," बाई शोभाला म्हणाल्या. "लक्ष द्यायला हवं होतं तिने."

"नाय तर काय!" शोभा म्हणाली. "तुमचंबी अडलं होतं का तिच्यामुळं?"

"माझंही अडलं होतं. आता झालं." बाईंनी माझा हात सोडला. "वणीची गाडी आहे आत्ता. मीही सीबीएस स्टँडकडेच चालले आहे. तो कागद आधी पिशवीत ठेवा, घामाने शाई फुटेल."

शोभाने कागद पिशवीत ठेवला. दोघी फाटकातून बाहेर पडल्या. रस्ता ओलांडताना शोभा हातवारे करून अजून त्या खैरनारला शिव्या घालत होती, आणि बाई मान हलवत ऐकत होत्या.